तोंडात खिळे, जबड्यात तारा

"सहा आठवडे तोंड उघडायचं नाही," असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, नर्सनं कीव आल्यासारखं बघितलं, आणि ज्यांचं तोंड बंद झालं होतं ते सोफावाले काका नुसते खांदे उडवून पडून राहिले. मनातून तर त्यांना हसूच येत होतं. सहा आठवडे? अहो, या माणसानं चाळीस वर्षं तोंड बंद ठेवूनच पोट भरलं होतं!

थट्टा नाही ही. जुन्या पद्धतीनं खुर्च्या मढवणारा कारागीर खिळे खिशात ठेवत नाही, डबीतही ठेवत नाही. तो ते तोंडात ठेवतो. सकाळी चिमूट-दोन चिमटी बारीक खिळे गालात टाकायचे, जिभेनं एकेक सरळ करून ओठांवर आणायचा, लोहचुंबकाची हातोडी ओठांना नुसती लावून तो टिपायचा आणि ठक्! एका हातात ताणलेलं कापड, दुसऱ्यात हातोडी, आणि तिसरा हात नसल्यामुळे तोंड. दिवसभर हेच. चव लोखंडाची, आणि बोलायला जागा नाही. नवख्या माणसाला वाटतं, खिळा गिळला तर? काका त्याला सांगत, "गिळतो तो बोलणारा. गप्प राहणाऱ्याला काही होत नाही."

तेव्हा वरच्या दातांवर एक पट्टी, खालच्या दातांवर एक पट्टी आणि दोन्ही तारांनी एकमेकींना आवळलेल्या, हे सगळं आरशात बघताना काकांना धसका वगैरे काही बसला नाही. त्यांनी आधी काम बघितलं. तारांचे पीळ एकसारखे होते, टोकं आत वळवली होती. डाव्या बाजूचं एक टोक गालाला टोचत होतं, तेवढी खोट. बाकी हात बरा आहे डॉक्टरचा, असं त्यांनी मनात ठरवून टाकलं.

"झालं कसं हे?" डॉक्टरांनी विचारलं होतं. मुलीनं दिलेल्या पाटीवर काकांनी लिहिलं: स्टुलावरून पाय घसरला.

साफ खोटं. आणि खोटं का, ते कळायला काकूंबद्दल सांगायला हवं.

काका एकटे काम करत नसत. टेबलाच्या अलीकडे ते, पलीकडे काकू, एकतीस वर्षं. काकूंच्याही तोंडात खिळे. आता दोघांचीही तोंडं बंद म्हटल्यावर बोलणार कसं? मग त्यांनी नाकातून बोलायला सुरुवात केली. आखूड "हं" म्हणजे दाब. लांब "हंऽऽ" म्हणजे ओढ. दोनदा "हं हं" म्हणजे सोड, पुरे. खालून वर चढत गेलेला म्हणजे कात्री दे. आणि नाकातून सोडलेला नुसता एक फुस्कारा म्हणजे, दारात आलेलं हे गिऱ्हाईक आपलं डोकं खाणार आहे, तूच बघ. हे कुणी बसून ठरवलं नव्हतं. होत गेलं. शेजारी म्हणत, यांच्या गाळ्यात दोन माणसं आहेत की भुंगे?

आणि मग चार वर्षांपूर्वी एका दिवसात हे सगळं संपलं. काकू जिना चढून वर घरात निघून गेल्या, त्या पुन्हा गाळ्यात आल्याच नाहीत.

आता त्या दिवशीची गोष्ट. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी आपल्या वडिलांची खुर्ची आणून टाकली होती. आत फोम नाही. नऊ स्प्रिंगा, खाली नवारीच्या पट्ट्या, वर काथ्या. असलं काम आता कोण करतो? काकांनी ते हौसेनं अंगावर घेतलं. स्प्रिंगा बांधायच्या म्हणजे प्रत्येक स्प्रिंग दाबून धरायची आणि दाबलेली असतानाच तिच्या कड्यावर सुतळीची गाठ मारायची. गाठ आवळायला दोन्ही हात लागतात. दोघं असतील तर एकानं मोकळं टोक पलीकडे टाकायचं, दुसऱ्यानं ते अंगठ्याखाली धरायचं आणि तळहातानं स्प्रिंग दाबायची. एकटा माणूस आधी ते टोक चौकटीला ठोकून घेतो आणि मग कोपरानं स्प्रिंग दाबून कशीबशी गाठ मारतो. आठ स्प्रिंगा काकांनी अशाच बांधल्या. नवव्या वेळी हात छान चालला होता, मन कुठेतरी मागे गेलं होतं. त्यांनी सुतळीचं टोक पलीकडे टाकलं, आखूड "हं" केला आणि स्प्रिंगेवरून आपला हात उचलला.

पलीकडे कोण असणार? स्प्रिंग उसळली ती थेट हनुवटीवर. तिनं तशी टिचकीच मारली म्हणायची. दचकून मागे सरताना स्टूल कलंडलं, आणि खरं काम केलं ते टेबलाच्या कडेनं. जबडा दोन ठिकाणी मोडला.

हे डॉक्टरांना सांगायचं? जी बाई चार वर्षांपूर्वी कामावरून उठून गेली, तिला मी दाब म्हणालो? त्यापेक्षा पाय घसरलेला बरा.

आणि उठून गेल्या त्या काही उगाच नाही. दोष काकांचा होता. चार वर्षांपूर्वी एक विक्रेता हवेची गन घेऊन आला. कॉम्प्रेसर चालू करायचा, गन कापडावर टेकवायची, खटका दाबायचा की पिन आत. खट् खट् खट् खट्! दिवसाचं काम दुपारच्या आत उरकलं. काका असे हरखले की विचारू नका. त्यात काकूंचं उजवं मनगट दोन वर्षं दुखत होतं. रोज संध्याकाळी गरम पाण्याच्या पिशवीनं शेकायच्या, आणि सकाळी पुन्हा हातोडी. काकांना ते बघवत नसे. ती गन बघून त्यांच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की चला, सुटली बिचारी. चांगलाच होता की विचार! पण तो तोंडातून बाहेर आला तो कसा? विक्रेत्यासमोर आणि दोन गिऱ्हाइकांसमोर काका म्हणाले, "वा! आता दुसऱ्या माणसाचं कामच उरलं नाही."

काकूंनी तोंडातले खिळे एकेक करून तळहातावर काढले. डबीत टाकले. हातोडी खुंटीला लावली आणि जिना चढून वर गेल्या. काकांना वाटलं, चहा टाकायला गेली. चहा काही आला नाही.

भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं. भांडणच झालं नाही. काकू वेळेवर जेवायला वाढत, विचारलेल्याला उत्तर देत. दूध आलं का, किल्ली कुठे आहे, बल्ब गेलाय. एवढ्यावर चार वर्षं निघाली. "अगं, माझ्या मनात तुझं मनगट होतं," हे एक वाक्य सांगायचं होतं फक्त. पण काका पडले असे की, आज नको उद्या सांगू. मग, एवढ्या दिवसांनी कुठे उकरून काढायचं? मग, कळलं असेलच की तिला. असली माणसं असतात! तोंड धडधाकट होतं तेव्हा चार वर्षं मूग गिळून बसले, आणि तारा आवळल्यावर, खाटेवर उशांना टेकून बसल्या बसल्या, त्यांना ते वाक्य सांगायची घाई झाली.

काकूंनी सेवेत कसूर केली नाही, हे खरं. सूप दोनदा गाळून, कोमट करून, नळी लावून द्यायच्या. लहान मुलांचा ब्रश आणून तारांवरून कसा फिरवायचा ते दाखवलं. टोचणाऱ्या टोकावर डॉक्टरांनी दिलेलं मेण बसवून दिलं, ओठांना व्हॅसलीन लावलं. मुलगी टेलिफोनच्या ऑफिसातून सुटली की येताना काहीबाही घेऊन यायची आणि मिक्सरला लावायची. एकदा तिनं बाबांना बरं वाटावं म्हणून केकच दुधात घालून फिरवला. काकांनी तो ओढला आणि पाटीवर लिहिलं, "गोड लापशी. फटी बुजवायची लांबी." मुलगी हसली. काकूही हसल्या असत्या. पण पाटी वाचून झाल्यावर त्या ग्लास विसळायला गेल्या.

दुसऱ्याच दिवशी काकांना नळी हवी होती. पाटी लांब होती, म्हणून त्यांनी खालून वर चढवत "हंऽ" केला. तोच, कात्रीचा. काकूंचा हात लगेच नळीकडे गेला. अर्ध्या वाटेत थांबला, मागे आला. "पाटीवर लिहा," काकू म्हणाल्या.

काकांनी लिहिलं: नळी.

मग काकूंनी नळी दिली. कळलं होतं तिला! हात गेलाच होता की! काका तो सगळा दिवस त्या हातावर विचार करत बसले.

दुसरं करायला होतं काय? जांभई आली की जबड्यात कळ, शिंक आली की डोळ्यांपुढे काजवे. वाचायचा कंटाळा. मग खिडकीशी खुर्ची ओढून बसायचं आणि मागचं आठवायचं. आठवायला तोंड लागत नाही.

त्यांना आठवायचा तो सतरा वर्षांचे असतानाचा पहिला दिवस. ज्यांच्याकडे ते काम शिकले ते म्हातारे कारागीर बोलायला तिखट. त्यांनी तीन खिळे हातावर ठेवले आणि म्हणाले, "टाक तोंडात, आणि संध्याकाळी तिन्ही परत दे." शिकवणी म्हणून एवढीच. संध्याकाळी काकांनी तिन्ही खिळे परत दिले. म्हाताऱ्यानं ते धुऊन, पुसून, निरखून बघितले आणि म्हणाला, "उद्या पाच." काकांना आजही त्या 'उद्या पाच'चा आनंद आठवत होता. पुढे आयुष्यात पुष्कळ शाबासक्या मिळाल्या, पण तेवढी मोठी नाही.

आणि मग लग्नानंतरचे दिवस. गाळा नवा, वर राहायची खोली एक. काकू पहिले काही महिने दुपारी जेवणाचा डबा घेऊन खाली यायच्या आणि टेबलापाशी रेंगाळायच्या. एकदा एक लांबलचक बाक मढवायचा होता. काका एका टोकाला कापड ताणायचे की दुसऱ्या टोकाला सुटायचं. तिकडे धावले की इकडे सुटायचं. काकू बराच वेळ हसत उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "सरका." पलीकडे जाऊन कापड धरलं. महिन्याभरात हातोडी धरली. खिळे तोंडात टाकायला काका नको म्हणत होते. "तुम्ही टाकता ते चालतं?" असं म्हणून टाकलेच. पहिल्या आठवड्यात एक गिळला! काका हादरले, डॉक्टरकडे धावले. काकू शांतपणे चार केळी खाऊन बसल्या, आणि तिसऱ्या दिवशी कामावर. नंतर कित्येक वर्षं, गिऱ्हाइकानं कामात खोट काढली की काकू खिळे काढून म्हणायच्या, "माझ्या पोटातनं लोखंड गेलंय, मला शिकवू नका."

सिनेमागृहाच्या तीनशे चाळीस खुर्च्या मढवल्या, ते दिवस तर काकांनी खिडकीशी बसून पुन्हा पुन्हा काढले. थिएटर आठ दिवस बंद. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा, पडद्यासमोर टांगलेला एक दिवा, आणि ही दोघं रांगेच्या दोन टोकांना. मुलगी तेव्हा दोन वर्षांची. काथ्याच्या पोत्यावर झोपायची. काकू खिळे तोंडात धरून गाणी गुणगुणायच्या. शब्द नाहीत, नुसती चाल. मोकळ्या थिएटरात ती चाल मागच्या भिंतीवरून परत यायची. काका काम करता करता खाली मान घालून ऐकायचे. तेव्हा त्यांना वाटायचं, हे असंच चालणार. माणसाला तेव्हा असंच वाटतं, त्याला इलाज नाही.

असं आठवता आठवता दुपारी काकांचे डोळे भरून यायचे. मग नाक चोंदायचं, आणि तोंडानं श्वास घेता येत नाही म्हटल्यावर जीव घाबरायचा. हौसेनं रडायचीसुद्धा सोय राहिली नव्हती!

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी धीर केला. काकू बाजारात गेल्या असताना पाटी मांडीवर घेतली आणि लिहिलं, "गन आणली त्या दिवशी". इथवर ठीक. पुढे काय? "माझ्या मनात तुझं मनगट होतं." हे वाचायला कसंतरीच दिसत होतं. पुसलं. "मला तसं म्हणायचं नव्हतं." मग कसं म्हणायचं होतं, असं ती विचारणार. पुसलं. "चुकलो." हा एकच शब्द पाटीवर इतका बापुडवाणा दिसायला लागला की तोही पुसला. तेवढ्यात काकू आल्या. पिशवी ठेवून त्यांनी पाटीकडे बघितलं. पुसलेल्याचे पांढुरके डाग होते.

"काय लिहिलं होतं?"

काकांनी पेन्सिल उचलली आणि घाईघाईनं लिहिलं: दूध संपलंय.

"सकाळीच आणलंय," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या. शाब्बास रे पठ्ठ्या!

पाचव्या आठवड्यातल्या रविवारी मुलीनं विषय काढला. ती चांगली मुलगी, काळजीनंच बोलली. "बाबा, आता बास. एकटे खाली काम करता, काही झालं तर वर कळतसुद्धा नाही. तारा निघाल्या की गाळा बंद करू. कुणालातरी देऊन टाकू. आई, तुला काय वाटतं?"

काकू खिडकीत कपडे वाळत घालत होत्या. "मला काय विचारतेस? माझा चार वर्षांपूर्वीच बंद झालाय."

इतके दिवस काकांनी स्वतःला एक सांगून ठेवलं होतं: टेबल आहे, तिची जागा आहे, एक ना एक दिवस येईल खाली. गाळाच गेला तर कुठे येईल? त्यांनी जोरजोरात मान हलवली, दातांतून "नाही, नाही" असं काहीतरी केलं. मुलगी म्हणाली, "बाबा, ताण देऊ नका, लिहा." काकांनी पाटी घेतलीच नाही. काय लिहिणार? ही पाटी सूप आणि नळीपुरती ठीक होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्याध्यापिकाबाई जिन्याखाली येऊन उभ्या राहिल्या. वरूनच दिसत होत्या, छत्री टेकून. "सोफावाले, तब्येत सांभाळा. पण खुर्ची होणार नसेल तर तशीच द्या मला. दुसरीकडे विचारते."

काका उठायला लागले. काकूंनी हातानंच बसवलं. "तुम्ही काय बोलणार तिथे जाऊन? मी देते काढून." त्यांनी खुंटीवरची किल्ली घेतली.

काका कान देऊन बसले. काकू जिना उतरल्या आणि गाळ्याकडे वळल्या. चार वर्षांत पहिल्यांदा. कुलूप निघालं, शटर वर गेलं. मुख्याध्यापिकाबाई काहीतरी बोलत होत्या. मग त्याही थांबल्या. मग बाईंचा आवाज आला, "अहो, काय झालं? बसता का जरा?" आणि काकूंचं उत्तर, "काही नाही. खुर्ची शुक्रवारी मिळेल तुम्हाला."

शटर खाली आलं. काकू एकेक पायरी चढत वर आल्या, आणि दारातच उभ्या राहिल्या.

"टोक ठोकलेलं नाही," त्या म्हणाल्या.

काका खिडकीबाहेर बघायला लागले.

"इकडे बघा. आठ स्प्रिंगांची टोकं चौकटीला ठोकलीत. नवव्या सुतळीचं टोक माझ्या बाजूला पडलंय, चांगलं दोन हात लांब. एकटा माणूस एवढं टोक सोडत नाही. आणि तुमचा पाय घसरला म्हणे! स्टूल तर टेबलाखाली आडवं पडलंय, तुम्ही बसलेले होतात." काकू दोन पावलं आत आल्या. "हं केलात ना?"

काकांनी पाटीसाठी हात लांबवला.

"पाटी नको मला."

काकांनी मान हलवली. हो.

"त्या दिवशी चुकून झालं असेल. सवयीनं. एकदाच ना?"

इथं सुटका होती. पुन्हा तशीच मान हलवली असती तर तिथंच मिटलं असतं. काकांनी थुंकी गिळली, जीभ दातांमागे नीट लावली आणि तारांमधून म्हणाले, "रोज."

काकू खाटेच्या कडेवर बसल्या.

"रोज? चार वर्षं?"

"रोज. हात त्या दिवशीच सोडला. हं रोज."

काकू खाटेवरून उठल्या. मग एकदम भडकल्या. चार वर्षांत अशा भडकल्या नव्हत्या. "समोर कुणी नाही, आणि त्याला रोज हं करत बसलात! मग मला एक हाक मारायला काय झालं होतं? मी काय परगावी होते? एक जिनाच तर होता मध्ये! रोज सकाळी भाजी निवडायला मी वरच्या पायरीवर बसायचे, ती कशासाठी बसायचे? घरात जागा नव्हती? वाटायचं, आज बोलावतील, आज बोलावतील. ऐकू काय यायचं, तर तुमची ती मेली गन! खट् खट् खट् खट्!"

ते पायरीवर बसणं काकांना माहीतच नव्हतं. चार वर्षं त्यांच्या डोक्यावर पंधरा पायऱ्यांवर ही बसून होती, आणि ते खाली मान घालून पिना मारत होते.

"मनगट," ते म्हणाले. दातांतून, लाळ सावरत. "तुझं मनगट दुखायचं. म्हणून म्हणालो तसं. सुटलीस, असं वाटलं. लोकांसमोर भलतंच बोललो. माझं चुकलं."

मुलीला यातला एक शब्द कळला नसता. काकूंना सगळे कळले. या माणसाचं भरल्या तोंडानं बोलणं त्यांनी एकतीस वर्षं ऐकलं होतं.

"हे तेव्हा सांगायचं ना," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "तेव्हा तर तोंडात खिळेही नव्हते तुमच्या." मग थोड्या वेळानं, पदराशी चाळा करत, वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "आणि काय हो, मनगट दुखायचं ते हातोडीनं. गनला कुठे हातोडी मारावी लागते? खटकाच दाबायचा ना? मग ती माझ्या हातात द्यावी, हे नाही सुचलं तुम्हाला?"

नव्हतं सुचलं. चार वर्षांत, खिडकीशी बसून काढलेल्या या पाच आठवड्यांत, एकदाही सुचलं नव्हतं. इतकी साधी गोष्ट! तोंड बंद नसतं तर आ वासला असता त्यांनी.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याचं सूप झाल्यावर दोघं खाली उतरली. काकूंनी आधी झाडू मारला, स्टूल उभं केलं, गाळ्याला पाच-सहा शिव्या घातल्या. मग आपल्या बाजूला बसल्या, सुतळीचं टोक अंगठ्याखाली धरलं आणि स्प्रिंगेवर तळहात ठेवला. काकांनी "हं" केला नाही. हिंमतच झाली नाही. पण काकूंनी योग्य वेळी दाबली आणि काकांनी गाठ मारली. दुपारपर्यंत गोणपाट झालं, दुसऱ्या दिवशी काथ्या आणि कापूस, गुरुवारी कापड. खिळे कुणीच तोंडात घेतले नाहीत. काकांना शक्य नव्हतं, आणि काकू म्हणाल्या, आता पुन्हा ते लोखंड नको.

राहिला तळ. खुर्ची उलटी करून खालून काळं कापड लावायचं होतं. काकांनी कॉम्प्रेसर चालू केला. गन उचलली, आणि टेबलावरून पलीकडे धरली.

काकूंनी ती घेतली. वजन बघितलं. चष्मा नाकावर चढवला, गन कापडावर टेकवली आणि डोळे मिटून खटका दाबला. खट्! पिन तिरकी गेली, अर्धी वर राहिली. काकांच्या घशाशी चार सूचना आल्या, आणि तारांपाशी येऊन थांबल्या. सहा आठवड्यांत तारांचा एवढा उपयोग कधी झाला नव्हता.

काकूंनी पक्कडीनं पिन उपसून काढली. गन हातातच होती. तिच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "किती सोपं आहे हो हे." आणि मग, "चार वर्षं वाया घालवलीत."

"हं," काका म्हणाले.

"हं नको. बोला."

काकांनी नाकानं दमादमानं श्वास घेतला. "घालवली," ते म्हणाले. "तुझी. माझी. दोघांची. वाया घालवली मी."

कॉम्प्रेसर धडधडत होता, तरी काकूंना ते ऐकू गेलं. त्यांनी मान हलवली. डावा हात लांब करून कापड आणखी ताणलं, गन टेकवली, आणि या वेळी डोळे उघडे ठेवून पिन मारली. ती सरळ बसली.